तारीख नसलेली बाटली

सेंद्रिय रसायनशास्त्रातला बंध तुटण्याचा धडा मॅडमनी एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या गळ्यात मारला होता. "तेवढा तुम्ही घ्या, मी तुमचे दोन तास घेते," असं त्या सहकारी सरांना सांगायच्या आणि सरही कधी खोलात शिरायचे नाहीत. यंदा सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि धडा मॅडमच्याच वाट्याला आला.

तो विषय निघाला की त्यांना दादाची हाक ऐकू यायची. "चिमणे, जरा इकडे ये." भास म्हणून सोडून द्यावं, तर हाक दर वेळी डाव्या खांद्यामागूनच यायची आणि मॅडम दर वेळी वळून बघायच्या.

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन अणू काढले, मधे दोन इलेक्ट्रॉन.

"बंध तुटला की या दोघांची वाटणी होते. कधी एकटाच दोन्ही घेऊन जातो, तो ऋण होतो, दुसरा धन. ते हेटरोलिसिस. कधी दोघं एकेक घेऊन वेगळे होतात, ते होमोलिसिस. असे एकेक इलेक्ट्रॉनवाले तुकडे म्हणजे मुक्त मूलक. ते गप्प बसत नाहीत, समोर येईल त्याला धरतात."

"उदाहरण, मॅडम?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

चिमणे, जरा इकडे ये.

मॅडम वळल्या. मागे नुसता फळा होता. त्यावर त्यांनी शेजारी शेजारी दोन ऑक्सिजन काढले.

"पेरॉक्साइड. इथर या द्रावकाची बाटली उघडून बरेच महिने ठेवली की हवेमुळे त्यात हे तयार होतं. डोळ्यांना काही दिसत नाही. हा बंध फार कमजोर. इथर उकळून काढत गेलं की शेवटी तळाशी हेच उरतं. मग ते फुटतं."

"तुम्ही पाहिलंय?"

"आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत कामाला होतो. शेजारच्या खोलीत होते मी. आत माझा भाऊ होता."

कुणी वहीत काही लिहिलं नाही.

तास संपल्यावर दारात वहिनी उभी होती. दादा गेल्यानंतर ती याच कॉलेजच्या ग्रंथालयात लागली होती. ग्रंथालय आणि वर्ग यांच्यामध्ये प्लायवुडचीच भिंत, त्यामुळे पलीकडे सगळं ऐकू जायचं.

"मला तेव्हा कागदावर एवढंच दिलं होतं, उपकरणाचा स्फोट," वहिनी म्हणाली. "मला वाटायचं, त्याचंच काहीतरी चुकलं असेल. आमच्या मुलालाही मी तेच सांगत आले." ती पुढच्या बाकावर बसली. "एवढा हुशार माणूस. जुनी बाटली त्याला कळली नाही?"

"बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची असते. त्या बाटलीवर नव्हती."

"का नव्हती?"

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. "ती मी उघडली होती. आदल्या वर्षी. घाईत तशीच परत कपाटात ठेवली."

बाहेर मुलं जिना उतरत होती.

"मग बाटली कधीची, ते त्यानं तुला विचारलं का नाही?"

"त्यानं हाक मारली होती, वहिनी. इकडे ये म्हणाला. मी तराजूवर वजन करत होते. आले, म्हटलं. पण उठले नाही."

"म्हणजे तेच विचारायला बोलावलं असेल."

हे मॅडमच्या मनात एकोणीस वर्षांत कधी आलं नव्हतं. वहिनी उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी मॅडम शिकवत असताना आत आली आणि मुलांमागे शेवटच्या बाकावर बसली. रेणूत भर कशी पडते, एकाची जागा दुसरा कसा घेतो, हे मॅडम सांगत राहिल्या. तास संपेपर्यंत दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.