मैनेचा कान

दहिवलीच्या नाक्यावर तस्लीमचं फोटोचं दुकान. बॅनर करावा तर तिनंच, असं सगळे म्हणत, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून ऐकून बाईच्या डोक्यात जरा हवा गेली होती.

माथेरानला घोडी फिरवून पोट भरणारा नागू आला, तो पार उतरल्या तोंडानं. त्याची घोडी मैना तीन दिवस बेपत्ता होती. ती नाही तर घरात चूल नाही. मोबाईलवर तिचा एकच फोटो होता, दुरून काढलेला, नखाएवढा.

"पोस्टर करून दे गं ताई."

"काही खूण लिहू का, नागूभाऊ?"

"फोटोत दिसतंय की सगळं."

फोटो मोठा करताना सॉफ्टवेअर विचारतं, कुठल्या पद्धतीनं वाढवू? साध्या पद्धतीत फोटो धूसर होतो, पण आहे तेच राहतं. दुसरी पद्धत मोठी शहाणी, जे नीट दिसत नाही ते आपल्या मनानं भरते. लग्नाच्या बॅनरला तस्लीम डोळे झाकून दुसरीच घ्यायची, नवरदेवाच्या गालावरचे खड्डे बुजले की वऱ्हाड खूश. मैनेलाही तिनं तेच केलं. आयाळीचा केस न् केस मोजावा असा फोटो निघाला. नागूचे डोळे भरलेले, त्याला काय दिसणार? वर डोंगरात रेंज नसते म्हणून खाली नंबर दुकानाचा टाकला आणि तीस पोस्टरं पार खालापूरपर्यंत लागली.

चौथ्या दिवशी खालापूरहून कुणा मनोजचा फोन आला.

"ताई, मिळाली का घोडी? आमच्या बांधावर एक आली होती. पोस्टरशी ताडून बघितली. रंग तोच, कपाळावरचा टिळा तोच. पण तिचा डावा कान अर्धा फाटलेला, तुमच्या घोडीचे दोन्ही धड. एक टेंपोवाला म्हणाला माझी हाय, त्याला नेऊ दिली. पण मनात खटकत राहिलं, म्हणून फोन केला."

"कुठला टेंपोवाला?"

"काय ठाऊक. काल गेला."

तस्लीमनं फोन ठेवला. तिनं मूळ फोटो उघडला, साध्या पद्धतीनं वाढवला. धूसर, गढूळ, आणि डावा कान अर्धाच. आपण आपल्या हातानं घोडीला कान शिवला, हे तिला स्वतःलाच खरं वाटेना.

तेवढ्यात नागू दारात उभा. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून कितीतरी दिवसांनी हसला. फाटक्या कानावर त्यानं बोट ठेवलं.

"ही बग माजी मैना. लहानपणी कुत्र्यानं धरलेली."

मग त्याची नजर भिंतीवरच्या पोस्टरवर गेली आणि तिथंच राहिली.

"ताई, मग इतके दिस आपण कुणाला शोधत व्हतो गं?"

तस्लीमनं भिंतीवरचं पोस्टर ओढून काढलं. टेंपोचं तर त्याला अजून सांगायचंच होतं.