तांदळाचं धुवण

कोबीची रोपं लावायची ती ऑगस्ट संपत आल्यावर, ऊन अजून पाठ भाजत असताना. माझ्या सासूबाई काळ्या प्लास्टिकला भोकं पाडत पुढे चालल्या होत्या, मी एकेका भोकात रोप बसवून माती दाबत मागून येत होते, आणि माझी दोन वर्षांची दाओन माझ्याही मागून येऊन बसवलेलं रोप उपटायला बघत होती.

"उपट, उपट," सासूबाई तिला म्हणाल्या. "मग हिवाळाभर किमचीऐवजी तुझा अंगठा चोखू आम्ही सगळे."

दाओन खिदळली आणि हातातलं पान तिनं तोंडात कोंबलं. मी धावत जाऊन बोट घालून ते बाहेर काढलं.

"अगं, कोबीचंच पान आहे ना. खाल्लं तर खाल्लं."

"रोपवाटिकेतलं आहे, आई. त्यावर काय काय मारलं असेल कोण जाणे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि पुढचं भोक पाडलं.

दाओनच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागे इसब आहे. खाजवून खाजवून रक्त काढायची. तेवढ्यासाठी आम्ही वसंतात देजॉन शहरातला फ्लॅट सोडून इथे, सासूबाईंच्या गावी, राहायला आलो. माझा नवरा इनग्यू तिथेच नोकरीला, शनिवार-रविवारी येतो. इथली हवा, इथलं पाणी लेकीला मानवलं. कातडी निवली. पण मला काही निवांतपणा आला नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकले. कुठल्याही बाटलीमागचं बारीक छापलेलं मला वाचता येतं, आणि वाचलं की चैन पडत नाही. खोपटातल्या फळीवरची कीडनाशकाची लाल टोपणाची पांढरी बाटली मी आल्या आल्याच वाचली होती.

"आई, या वर्षी औषध नाही मारलं तर?" मी विचारून पाहिलं होतं.

"तर अळ्या मला दुवा देतील. हे बघ, गाभा कोवळा असताना एकदा, मग पानं पसरली की एकदा. काढायचा तो नोव्हेंबरात. तोवर पाऊस आणि दव सगळं धुऊन नेतं. माझी तिन्ही पोरं याच कोबीवर वाढली. त्यातलाच एक तू पसंत केलास ना?"

यावर मला हसू आलं आणि विषय तिथेच मिटला. म्हणून मी न विचारता केलं.

पहिल्या फवारणीच्या दिवशी त्यांनी पंपात औषध कालवून ठेवलं, आणि तेवढ्यात डोंगराकडून ढग चढले. अंगणात चटईवर मिरच्या वाळत पडलेल्या.

"दाओनच्या आई! मिरच्या!" ओरडतच त्या धावल्या.

"मी दाओनला बघते," मी म्हणाले, आणि त्या अंगणाकडे वळताच पंप उचलून खोपटामागे नेला. खुरप्यानं खड्डा केला, औषध त्यात ओतलं, माती लोटली, पंप विसळला. सूप करायला ठेवलेलं तांदळाचं धुवण त्यात भरलं. वर साधं पाणी. रंग अगदी तसाच, दुधट.

ढग नुसतेच येऊन गेले. सासूबाईंनी तोंडाला फडकं बांधलं, पंप पाठीला लावला आणि उलट्या पावलांनी मागे सरत एकेका रोपाला अगदी मनापासून तांदळाचं धुवण पाजलं. मध्येच थांबून त्यांनी मला हात केला. "वारा तुमच्या बाजूला आहे! पोरीला आत ने, खिडकी लाव!"

मी तिला आत नेलं. खिडकी लावली. काचेतून बघत राहिले. त्या वेळी मला लाज वाटली नव्हती. उलट, जिंकल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या वेळीही मी तेच केलं.

छुसोक, म्हणजे सुगीचा सण, जवळ आला तशी सकाळी गवत ओलं लागायला लागलं. भोपळ्याचे वेल काढून टाकायचे झाले, तिळाच्या जुड्या कापून उभ्या करायच्या, मुळ्याची विरळणी करून काढलेल्या कोवळ्या मुळ्यांची किमची घालायची. आणि कोबी पाहावा तो पानांत जागा उरली नाही इतकी भोकं. कुंपणापलीकडे हादोंगच्या काकूंचा कोबी मात्र गोल, गुटगुटीत, मूठ वळल्यासारखा. काकूंचं माहेर हादोंग म्हणून सगळं गाव त्यांना हादोंगवाली म्हणतं.

"माल्सूनताई, हे काय गं?" काकू कुंपणावर कोपर टेकून सासूबाईंना म्हणाल्या. "यंदा गाळण्या पेरल्यास का?"

"चहा गाळायला लागतात ना तुला. म्हटलं चार जास्तीच्या असू देत."

"मस्करी नाही. औषध मारायचं विसरलीस तू."

"दोनदा मारलं. हिला विचार."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. दाओन माझ्या मांडीला बिलगून उभी होती.

"हो," मी म्हणाले. "दोनदा मारलं आईंनी."

शब्दशः खरं होतं ते. माझे कान तापले, आणि मी खाली वाकून दाओनच्या बुटांचा बंद, जो सुटलाच नव्हता, बांधायला घेतला.

त्या दिवसापासून सासूबाई वेगळ्या वागायला लागल्या. एकदा खोपटात दोन बाटल्या घेऊन उभ्या होत्या, एक औषधाची, एक पानांवर मारायच्या खताची. दोन्ही पांढऱ्या.

"मी यातली कुठली घेतली होती गं?"

"लक्षात नाही, आई."

"माझ्याही नाही." त्या जरा हसल्या. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी मिरच्या आत घ्यायला विसरली. मग आम्हाला विसरली."

तेव्हाच सांगायला हवं होतं मी. तोंड उघडलंही. पण सासूबाई बाटल्या फळीवर ठेवत होत्या, टोपणं पुन्हा पुन्हा बघत, औषधाची डावीकडे, खताची उजवीकडे, आणि माझ्या तोंडून निघालं ते, "भात लावू का?"

रविवारी त्यांनी इनग्यूला सांगून टाकलं की यंदा किमचीसाठी मिठात मुरवलेला कोबी विकतच आणू, तुझ्या भावाबहिणीलाही तसं कळव, पुढच्या वर्षी शेत हादोंगवालीला कसायला देते. इनग्यू म्हणाला, "बरं झालं, आई, तेवढीच तुला विश्रांती." त्याला वाटलं तो चांगलंच बोलतोय. त्याच्या ताटात त्यांनी आणखी एक मासा वाढला आणि स्वतः जेवायच्या थांबल्या. रोज संध्याकाळी त्या दाओनला पाठीवर बांधून ओढ्यापर्यंत फिरवून आणत. त्या संध्याकाळी दाओन त्यांच्या पाठीला लोंबकळली तर त्यांनी तिला सोडवून माझ्याकडे दिलं.

"माझ्याकडे एकटी नको ठेवूस हिला. गॅसवर काही ठेवून विसरले, ओढ्यावर सोडून आले, तर?"

मला आधी हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. ओढ्याची मला नेहमीच भीती वाटायची. मग सासूबाईंचं तोंड दिसलं आणि त्या हायसं वाटण्याचीच मला शिसारी आली.

दोन-तीन दिवसांनी एका सकाळी दाओनला घेऊन शेताकडे गेले. सासूबाई कोबीच्या ओळीत उकिडव्या बसून जेवणाच्या लाकडी काड्यांनी अळ्या वेचून बाटलीत टाकत होत्या. तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, अळ्यांना शिव्या देतायत. जवळ गेले तर ऐकू आलं.

"शंभरातून सात गेले, त्र्याण्णव. त्र्याण्णवातून सात, शहाऐंशी. शहाऐंशीतून सात... एकोणऐंशी. त्यातून सात..."

काड्या हवेतच थांबल्या.

"बहात्तर," मी म्हणाले.

त्या दचकल्या. मग ओशाळून बाटली हलवली. "आरोग्य केंद्रात, विसरभोळेपणाच्या तपासणीला, हेच विचारतात म्हणे. महिना कुठला, सात वजा करा, पेन, सफरचंद, टोपी, पुन्हा सांगा काय काय ते. सोमवारी जाऊन येते. इनग्यूला बोलू नकोस."

इतकी वर्षं गावातल्या सगळ्या बायका ती तपासणी करून आल्या. या कधी गेल्या नव्हत्या. नर्स घरी आली तर मागच्या दारानं शेतात पळत.

"आई, जाऊ नका. तुम्ही काही विसरला नाहीत. बाटलीही बरोबर घेतलीत. पंपातलं मी ओतून दिलं. तांदळाचं धुवण भरलं."

एक अळी काडीवरून वाकून दुसऱ्या काडीवर गेली.

"दोन्ही वेळा?"

"हो."

"औषध कुठे ओतलंस?"

"खोपटामागे. खड्डा करून."

"तिथे मी लसूण लावणार होते."

मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काड्या मांडीवर आडव्या ठेवल्या.

"मी बाटल्या घेऊन उभी होते, तेव्हा तू बघत होतीस."

"हो."

"पोरीला पाठीवरून सोडवून तुझ्याकडे दिली मी, तेव्हाही तुला माहीत होतं."

"हो, आई."

"कोबीचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "कोबी पुढच्या वर्षी येतो."

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. हादोंगच्या काकू पाठीवर पंप लावून आल्या. "सर ताई, मीच मारून देते. मधल्या दोन ओळी अजून वाचतील. तुझ्या भरवशावर राहिलं तर अळ्यांची बारशी करावी लागतील."

"मार," सासूबाई उठत म्हणाल्या. "माझंच चुकलं. खताची बाटली घेतली मी. वय झालं."

"तरी मी म्हटलंच! सोमवारी जातेस ना केंद्रात? मी येते सोबत."

"ये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाक्य संपवून त्या सरळ फवारणीसाठी ओळीतले दगड बाजूला करायला लागल्या. त्या सोमवारी तिथे जाऊन बसणार होत्या, गावातल्या बायकांदेखत सात-सात वजा करणार होत्या, आणि सुनेचं नाव कुठे येणार नव्हतं. हे मला पेलवेना.

"काकू, आईंनी बरोबर औषध घेतलं होतं. मीच ते ओतून दिलं. दाओन काहीही तोंडात घालते म्हणून."

काकूंनी पंपाचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही काय, आमच्या नातवंडांना विष चारतो?"

"तसं नाही, काकू."

"नाही कसं? माझा नातू दर हिवाळ्यात येतो, ताटभर किमची खातो. परवा तुझ्या लेकीला मुळ्याच्या किमचीची वाटी दिली मी. टाकून दिलीस?"

दिली होती. कोंबड्यांना. माझी मान खाली गेली, आणि काकूंना काय ते कळलं.

"हादोंगवाले, पुरे," सासूबाई म्हणाल्या. "फवारायचं तर फवार, नाहीतर घरी जा."

"घरीच जाते." फाटकाशी जाऊन त्या वळल्या. "ताई, सोमवारचं?"

"कशाला जाऊ? माझं डोकं शाबूत आहे."

काकू गेल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. "गप्प बसवलं नाही ना तुला? मला म्हातारी म्हणाले असते, सगळ्यांनाच म्हणतात. आता दिवेलागणीच्या आत सगळं गाव तुझं नाव घेईल. या पोरीला इथल्याच पोरांत खेळायचंय, हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं वाटतं?"

त्यांनी काड्या आणि बाटली माझ्या हातात दिली.

"वेच. गाभ्यात बघ, तिथे लपतात. मधल्या ओळी वाचतील कदाचित."

मग खाली बसून त्यांनी दाओनकडे पाठ केली आणि मागे हात नेऊन कमरेवर थापटलं. दाओन धावत जाऊन चढली. तिला झोका देत, एका हातानं तिचं बूड सावरत त्या घराकडे निघाल्या.

मी अळ्या वेचायला बसले. त्या पानांच्याच रंगाच्या असतात. बराच वेळ काही दिसेना. पलीकडे काकू त्यांच्या सुनेशी फोनवर मोठ्यानं बोलत होत्या, आणि माझं नाव दोनदा ऐकू आलं. मान वर केली तेव्हा डोंगराकडून ढग चढले होते. अंगणात चटई ओढल्याचा आवाज आला, मग टोपलीत मिरच्या लोटल्याचा, कोरड्या, खुळखुळ्यासारखा, आणि मध्ये मध्ये दाओनचं हसणं. एरवी अशा वेळी सासूबाई ओरडून मला बोलावतात. मी काड्या हातात धरून कान देऊन बसले. त्यांनी हाक मारली नाही.