न्हावऱ्याचा सभात्याग

बी.एस्सी. होऊन सहा महिने झाले होते आणि नोकरी अजून लागायची होती, तेव्हा कॉलेजच्या सरांनी मला एनएसएसच्या हिवाळी शिबिराला मुलींवर लक्ष ठेवायला म्हणून बोलावलं. शिबिर न्हावऱ्यात होतं. दिवसा शोषखड्डे खणायचे, दिवेलागणीला गावकऱ्यांसाठी काहीतरी कार्यक्रम करायचा आणि जेवायला गावातल्या घरांमध्ये वाटून जायचं. माझ्या वाट्याला अलीम मुलाणीचं घर आलं. तिथं त्याची चाची, जन्नतबी, राहायची. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. नवराही गेलेला, म्हणून पुतण्यानं तिला घरी आणलं होतं.

त्या आठवड्यात रेडिओवर विधानसभेतल्या गोंधळाच्या बातम्या चालू होत्या. निराधार म्हाताऱ्यांना दरमहा जे पैसे मिळतात, ज्याला गावात सगळे 'पगार'च म्हणतात, ते तोपर्यंत पोस्टमन घरी आणून द्यायचा. सरकार म्हणत होतं, यापुढे तालुक्याच्या बँकेतून देऊ. विरोधकांनी कागद फाडले, घोषणा दिल्या आणि सभात्याग केला. आमच्यातल्या दत्ताला हे फार आवडलं. आपणही शाळेच्या पटांगणात विधानसभा भरवू, असं त्यानं ठरवून टाकलं. विरोधी पक्षनेता अर्थात तोच. मंत्री व्हायला मात्र कुणी तयार होईना, कारण मंत्र्याला शिव्या खाव्या लागणार. ते काम माझ्याकडे आलं.

सरपंच हौसराव यांना अध्यक्षस्थानी बसा म्हणून विचारायला गेलो, तर त्यांनी ते आमच्याहून जास्त मनावर घेतलं. तहसील कचेरीनं त्यांच्याकडे नेमकं याच प्रश्नावर गावाचं मत मागवलं होतं. ग्रामसभेला माणसं जमत नाहीत, नाटकाला जमतात, हा त्यांचा अनुभव. म्हणून त्यांनी जाहीर केलं की त्या दिवशी अख्खं गावच आमदार असेल, ग्रामसेवकही हजर राहील आणि विधानसभेत जे ठरेल तेच तालुक्याला, शिरूरला लिहून जाणार.

मी रात्री जेवताना हे सांगितलं, तेव्हा जन्नतबीनं हातातली भाकरी परातीत तशीच ठेवली.

"म्हंजी तू बँकेच्या बाजूनं बोलनार?"

"बोलावंच लागेल, चाची. मंत्री आहे."

"मग नीट बोल," ती म्हणाली आणि माझ्या ताटात न मागता कालवण वाढलं.

तिचं कारण तिनं लपवलं नाही. शिरूरच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये ती आणि सोजराबाई वर्षानुवर्षं शेजारी बसून कांदा निवडत होत्या. हात चालेनासे झाले तशी जन्नतबी न्हावऱ्याला आली आणि सोजराबाई लेकीकडे केंदूरला गेली. शिरूर दोघींच्या मधे. पण तीन वर्षांत भेट नव्हती. घरात कुणी अडवत नव्हतं, अलीम तर स्वभावानं गरीब; फक्त शिरूरचं नाव काढलं की तो विचारायचा, काय काम आहे? आणि तिच्याकडे काम नसायचं. नुसतं बोलत बसायला कुणी म्हातारीला एसटीत बसवून देतं का?

"सरकारनंच बोलीवलं तर कोन ईचारतंय?" ती म्हणाली. "तिचा पगारबी त्याच बँकेतून निघंल. तू पडू नको म्हंजी झालं."

पुढचे तीन दिवस जेवण म्हणजे माझी तोंडी परीक्षा होती. विरोधक काय बोलतील, त्यावर मी काय म्हणेन, हे ती तव्यावरून नजर न काढता विचारायची. माझ्या बाजूला तसे मुद्दे होते. पोस्टमन कधी येईल त्याचा नेम नसतो. बँकेत हातात पासबुक राहतं. एका मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं, तो म्हणजे गावातला तात्याबा; त्यालाही पगार मिळायचा. बैलगाडीचं चाक पायावरून गेल्यापासून तात्याबाला काठी टेकत स्टँडपर्यंत जायचं तरी घाम फुटायचा. दत्तालाही हे ठाऊक होतं. कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं तात्याबाला आणून पहिल्या रांगेत बसवलं.

पटांगण भरलं होतं. हौसरावांनी फेटा बांधला होता आणि शाळेची घंटा टेबलावर ठेवली होती. मी माझे मुद्दे मांडले. ते बरोबर होते आणि कंटाळवाणे होते. मागे कुणीतरी जांभई दिलेली मला दिसली. मग दत्ता उठला. त्यानं तात्याबाकडे हात केला आणि या पायांनी शिरूर गाठायचं का, असं सरकारला विचारलं. शिट्ट्या वाजल्या. त्यानं कागद फाडले. हौसरावांनी घंटा बडवली. मग दत्तानं सरकारचा निषेध करून सभात्याग जाहीर केला आणि त्याची पाच माणसं रुबाबात फाटकाकडे निघाली.

इथपर्यंत आमचं आधी ठरलं होतं. नंतरचं ठरलं नव्हतं. पहिली रांग उठली. मग तिच्यामागची. मग सगळं पटांगण उठून दत्ताच्या मागं चालू लागलं. विरोधकांतल्या दोन दांडग्या पोरांनी तात्याबाला उचललं आणि घोषणा देत नेलं. हे असं का झालं, ते मी दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना विचारलं. काही म्हणाले, कार्यक्रम संपला असं वाटलं. काहींना जेवण वाढलंय असं वाटलं. एकजण म्हणाला, पोरगं एवढं तळमळून बोललं, त्याला एकटं कसं जाऊ द्यायचं?

बसून राहिली ती एकटी जन्नतबी.

हौसरावांनी रिकाम्या पटांगणाकडे बघितलं, घसा खाकरला आणि बँकेचा ठराव मताला टाकला. अनुकूल असतील त्यांनी हो म्हणावं. मी हो म्हणाले, माझे दोन राज्यमंत्री हो म्हणाले आणि सगळ्यांच्या वरताण जन्नतबी हो म्हणाली. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. सतरंजीच्या कडेला घाईत विसरलेल्या चपला होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. ठराव मंजूर झाला आणि ग्रामसेवकानं तो लिहून घेतला.

बाहेर घोषणा ओसरल्या, तशी माणसं चपला न्यायला परत आली आणि निकाल ऐकून जागीच थांबली.

"आप्पा, असं कसं? आम्ही बाहेर होतो," दत्ता हौसरावांना म्हणाला.

"भाईर जा म्हनून म्या सांगितलं व्हतं?"

"तो निषेध होता."

"मंग झाला की निषेद. ठरावबी झाला."

"ह्ये बघा आप्पा," तात्याबा पोरांच्या हातांवरूनच म्हणाला, "ह्यांनी मला उचलून न्हेलं. मी माज्या पायानं गेलोच न्हाई. माजं मत हितंच व्हतं, ते धरा."

हौसराव विचारात पडले. त्यांना त्यात तथ्य वाटलं असावं. पण एकाचं मत धरलं तर मतदान पुन्हा घ्यावं लागणार, आणि पुन्हा घेतलं तर बँक पडणार, हे पटांगणातल्या प्रत्येकाला दिसत होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मंत्र्यानं ठराव मागं घेतला तरच फेरमतदान, असं हौसरावांनी ठरवून टाकलं. मी जन्नतबीकडे पाहिलं. ती तात्याबाच्या लोंबकळणाऱ्या पायाकडे बघत होती.

"घे मागं," ती म्हणाली. "त्याला कुठं फरफटत न्हेता शिरूरला."

मी ठराव मागं घेतला. टाळ्या पडल्या. दत्तानं विजयी मुद्रेनं मान हलवली. अलीम मात्र गोंधळला होता. गर्दीतून पुढं येत त्यानं विचारलं, "चाची, तुला बँक कशाला पायजेल व्हती?"

"शिरूरला जायाला."

"मग सांगायचं की मला."

"सांगितलं आसतं, तर तू काय म्हनला आसतास?"

"काय काम हाय, म्हनलो आसतो," अलीम खाली बघत म्हणाला, आणि सगळं पटांगण हसलं. तोही हसला. बायकांच्या बाजूचं हसणं मात्र जरा लांबलं. त्यातली धुरपदा म्हणाली की तिच्याही घरी हेच विचारतात. तिच्या शेजारची म्हणाली, माझ्याकडं तर विचारतसुद्धा नाहीत, नुसतं बघतात.

तेव्हा मला सुचलं, आणि आधी का सुचलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मी नवा ठराव मांडला: ज्यांना पोस्टानं हवा त्यांना पोस्टानं, ज्यांना बँकेतून हवा त्यांना बँकेतून, आणि ज्याचं त्यानं सांगावं. हौसरावांनी लगेच अलीमला फाटकात उभं केलं आणि ठराव होईपर्यंत कुणाला बाहेर सोडायचं नाही, असं बजावलं. दत्ताकडे त्यांनी वेगळं बघून घेतलं. दत्ता काय करणार. त्यानंच अनुमोदन दिलं. तात्याबानं दोन्ही हात वर केले. एकच मोजलं, तर तो भांडला.

मग ग्रामसेवकानं पगार घेणाऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. पुरुषांनी बहुतेक पोस्ट सांगितलं. बायका एकीमागून एक शिरूर म्हणत गेल्या.

तहसील कचेरीनं ते मानलं आणि सगळ्या तालुक्याला लागू केलं. उन्हाळा लागता लागता मी शिरूरला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. एका दुपारी बँकेत पगाराचा चेक भरायला गेले, तर आतल्या बाकावर जन्नतबी होती. तिच्या शेजारी एक लहानखुरी, कपाळावर ठसठशीत गोंदण असलेली म्हातारी बसली होती. दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं. जन्नतबीनं माझी ओळख 'आमची मंत्रीण' अशी करून दिली. सोजराबाईनं मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाली, मंत्री म्हणजे अंगानं जरा भरलेले असतात असं तिला वाटलं होतं.

तेवढ्यात खिडकीतून जन्नतबीचं नाव पुकारलं गेलं. ती उठली नाही. पुन्हा पुकारलं. मी तिला सांगितलं, चाची, तुमचा नंबर आला.

तिनं खिडकीकडे हात हलवला. "त्या मागच्यांना द्या आधी," ती कॅशियरला म्हणाली. "आमची गाडी पाचला हाय."

कॅशियरनं मान वर करून घड्याळाकडे बघितलं. बँकेचा व्यवहार दोनला बंद व्हायचा. त्यानं पुढचं नाव पुकारलं, आणि सोजराबाईनं लेकीच्या सासूची गोष्ट जिथं राहिली होती तिथून पुढं सुरू केली.