पंख्यावरच्या थरथऱ्याची खंडेनवमी

मित्रांनो, मी एक जुना थरथऱ्या आहे. हे नाव पुस्तकात शोधू नका, सापडायचं नाही. चाकणच्या एका कारखान्यात, छताजवळच्या मोठ्या पंख्याच्या अंगावर मी बसतो. पंखा थरथरला की मी थरथरतो आणि त्यातून चिमूटभर वीज काढतो. त्या विजेवर माझ्या शेजारचा बिनतारी सेन्सर पंख्याची तब्येत ऑफिसला कळवतो. बेअरिंग तापलं की बोंब तो मारतो आणि शाबासकीही त्यालाच मिळते. त्याला जेवू मी घालतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझ्याआधी तो सेन्सर सेलवर चालायचा. सेल संपला की मेंटेनन्सचे साहेबरावकाका शिडी लावून वर चढायचे. काका कुरुळीचे, घरी थोडी शेती. एकदा शिडीवरून त्यांचा पाय सटकला आणि गुडघा कायमचा अधू झाला. तरी सेल संपायचे आणि काका चढायचे. त्यांना पुन्हा चढावं लागू नये, एवढ्यासाठी मला घडवलं.

माझा जन्म संगणकात झाला. कासारवाडीच्या एका छोट्या ऑफिसात इंजिनिअर तनुजाताईंनी आधी माझं सोंग उभं केलं. त्याला त्या सिम्युलेशन म्हणतात. पोलादी पट्टी किती लांब, टोकाचं लोहचुंबक किती जड, तांब्याच्या तारेचं वेटोळं केवढं, हे सगळं त्यांनी पडद्यावर हलवून पाहिलं. हिशेबात धूळ धरली, उन्हाळा धरला. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते, तीही धरली आणि त्या दिवसापुरती वीज साठवायची सोय केली. पण सगळी सोंगं आणता येतात, विजेचं सोंग आणता येत नाही. म्हणून मग मला खरोखर घडवून पंख्यावर बसवलं. मी चाचणीचा नग, माझं झाकण नंतर यायचं होतं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मेंटेनन्सचे साहेब रविराज सर पाहुण्यांना मान वर करून मला दाखवायचे. पुढे सवय झाली, कुणी वर बघेना. माझ्यावर धूळ बसली. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

खंडेनवमीला कारखाना थांबला. यंत्रं धुतली, पुसली, हळदकुंकू लागलं, झेंडूचे हार चढले. तेवढ्यात शिडी वाजली. पाहतो तर काका! एकेका पायरीवर थांबत, गुडघा धरत वर आले आणि जाडजूड झेंडूची माळ माझ्या पट्टीला घट्ट बांधली. ज्यांनी चढू नये म्हणून मी आलो, तेच माझ्यासाठी चढले होते. मला इतकं भरून आलं की सांगता येत नाही.

दसरा झाला, पंखा सुरू झाला आणि मला हलताच येईना. साठवलेली वीज संपली. सेन्सर मुका झाला.

"गुरुवारच्या सुट्टीत काढून टाका ते," रविराज सर म्हणाले. "आपले सेलच बरे. काका, शिडी तयार ठेवा."

हे कळताच तनुजाताईंनी पुन्हा माझं सोंग मांडलं. धूळ वाढवून पाहिली, मी हललो. पंखा मंद केला, तरी थोडा हललो. शेवटी पट्टीच्या टोकावर वजन ठेवलं, तसा पडद्यावरचा मी गप्प बसलो. त्यांनी लगेच रविराज सरांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, त्याच्यावर काही पडलंय का हो?"

"पडंल कसं?" काका अभिमानानं म्हणाले. "मी सवता बांधलीय माळ! समद्या मशीनींना घातली, मंग त्या बिचाऱ्यानंच काय घोडं मारलंय?"

ताई हसू लागल्या. "अहो काका, पट्टी हलली तरच त्याला जेवण मिळतं. तुम्ही हार घालून त्याचा उपास केलात!"

काकांचा चेहरा उतरला. "मला न्हाई वो ठावं. आत्ता चढतो नि काढतो."

"एकही पायरी चढायची नाही," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी घरून फांद्या ओढायची बांबूची आकडी आणली. पंखा थांबवून, जमिनीवर उभं राहूनच त्यांनी अलगद दोरा तोडला. माळ खाली पडली. पंखा सुरू झाला आणि मी पोटभर थरथरलो. सेन्सर बोलू लागला. मला काढायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

आता मला झाकण आहे. तनुजाताईंच्या सिम्युलेशनमध्ये धूळ आणि उन्हाळ्याच्या खाली आणखी एक ओळ आली आहे: झेंडू.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला हार जरूर घाला. फक्त तो ज्याच्या बळावर जगतो, ते बांधून ठेवू नका.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. काका माळ घेऊन आले, वर पाहून मला हात जोडले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या शिडीला ती माळ घातली.

"ऱ्हा बाई आता उभी," ते तिला म्हणाले. "तुला बी सुट्टी, मला बी."