रस्त्याकडे पाठ

मी कोपऱ्यावरची दुमजली इमारत बोलतेय. रस्त्यावरून पाहिलंत तर मी तुम्हाला मुळीच आवडणार नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या बाजूला माझे संडास, न्हाणीघरं, नळाचे पाइप आणि वीतभर खिडक्या. कमान, सात दगडी पायऱ्या आणि नक्षीच्या कठड्याची गॅलरी आहे ती मागच्या गल्लीत. जन्मापासून मी अशी रस्त्याकडे पाठ करून बसलेय. कुणी म्हणतं, मालकाचं समोरच्यांशी भांडण होतं. कुणी म्हणतं, वाऱ्यासाठी तसं केलं. 'माहीत नाही' एवढे दोन शब्द माणसांच्या अगदी जिवावर येतात, हे मी नव्वद वर्षं बघतेय.

मला बांधणारा गवंडी याच गल्लीतला. त्याची नात माझ्या पायऱ्यांवर वाढली. चौथी पायरी तिची. दुसरं कुणी बसलं की हाताला धरून उठवायची. पाढे तिथेच पाठ केले, भावाशी भांडली तिथेच. पुढे ती शाळेत भूगोल शिकवायला लागली आणि सगळ्यांची भूगोलबाई झाली.

निवृत्त झाल्यावर बाईंनी माझा इतिहास लिहायला घेतला. नवी वही, तिच्यात पहिलं वाक्य: 'ही इमारत माझ्या आजोबांनी एकही चूक न करता बांधली.' त्यांनी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि मला इतकं हसू आलं की गॅलरीखालचा एक पोपडाच पडला.

वहीची चार पानंही भरली नव्हती, तोच भिंतीवर नोटीस लागली. रस्ता सहा फुटांनी रुंद होणार होता. नकाशाप्रमाणे माझा मुख्य जिना रस्त्याच्या बाजूला, तो गेला की इमारत वापरता येणार नाही, म्हणून मला पूर्णच पाडायचं ठरलं होतं. महिन्याभरात काही सांगायचं असेल तर सांगा, म्हणे. मला बघायला मात्र एकही माणूस आला नव्हता.

बाई आधी शेजाऱ्यांकडे गेल्या. मी अशी पाठमोरी का, याच्या तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी एकाच बैठकीत तीन वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या, तिन्ही शपथेवर. मग बाईंनी नगरपालिकेच्या दप्तराचा रस्ता धरला. मी काही जागची हलत नाही. तिथे काय झालं, ते त्यांनी आल्यावर भावाला पायरीवर बसवून सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगतेय.

माझा मूळ नकाशा सापडला. बाईंनी तो टेबलावर पसरला आणि चक्रावल्या. कमान रस्त्याकडे, न्हाणीघरं गल्लीकडे.

"ही आमची इमारतच नाही," त्या म्हणाल्या.

समोरच्या खुर्चीवर बसलेल्या कारकुनानं चहा बाजूला ठेवून मान पुढे केली. "का हो बाई? मी तर रोज त्या गल्लीतून येतो. ही कमान, या पायऱ्या. बरोबरच तर आहे."

त्याला नकाशा उलटा दिसत होता. बाई उठून त्याच्या बाजूला गेल्या, आणि घोडं कुठं पेंड खातंय ते त्यांना कळलं. आजोबांना अक्षरओळख नव्हती. खालच्या कडेला 'रस्ता' असं लिहिलेलं त्यांना काय वाचता येणार? उभी हयात मुलांना नकाशा कसा धरायचा ते शिकवणाऱ्या बाईंच्या घरातच नकाशा उलटा धरला गेला होता.

"हे कुठे बोलू नकोस," भाऊ म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आजोबांचं नाव जाईल."

"आणि नाही बोलले तर इमारत जाईल."

"गल्लीत सगळे हसतील आपल्याला."

"हसू देत," बाई म्हणाल्या. पण बराच वेळ त्या वहीतल्या पहिल्या वाक्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते खोडलं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

सुनावणीत त्या सरळ म्हणाल्या, "तुमच्या नकाशातली इमारत कधी बांधलीच गेली नाही. माझ्या आजोबांनी कागद उलटा धरला होता." लोक पोट धरून हसले. पण दुसऱ्या दिवशी इंजिनिअर साहेब टेप घेऊन हजर झाले, माझ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि डोकं खाजवत म्हणाले, "सहा फुटांत तर नुसती न्हाणीघरं जातायत की." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

माझी पाठ सहा फुटांनी कमी झाली. नवी न्हाणीघरं माझ्या आतल्या चौकात बांधली, पाइप आत गेले. आता भाऊच येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतो, "आमच्या आजोबांच्या चुकीनं ही वाचली बरं का," आणि कुणी हसलं नाही तर त्यालाच राग येतो. तुमच्याही लहानपणीची अशी एखादी इमारत असेल, तर नुसत्या कागदांवर विसंबू नका. एकदा तिच्याभोवती फिरून या.

बाईंची वही संपत आलीय. शेवटच्या पानावर त्यांनी एकच प्रश्न लिहिलाय: 'आजोबांना स्वतःची चूक कधी कळली असेल का?' कुठल्याच दप्तरात याचं उत्तर नाही. ते मला ठाऊक आहे.

कळली होती. माझं जोतं तेव्हा गुडघ्याएवढं होतं. सुतार दाराची चौकट घेऊन आला आणि म्हणाला, "अरे, तोंड गल्लीकडे कसं? उकर, अजून वेळ गेलेली नाही." गवंडी घाबरला. त्यानं खरोखरच पहार हातात घेतली. तेवढ्यात त्याची बायको जेवण घेऊन आली, कडेवर तान्हं मूल, म्हणजे बाईंचे वडील. गल्लीत कुठे टेकायला जागा नव्हती. ती नुकत्याच बसवलेल्या पायरीच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "बरं झालं हो, इथे बसायला केलंत ते."

गवंड्यानं पहार खाली ठेवली. "राहू दे," तो सुताराला म्हणाला, "मालकाचं काय ते मी बघतो."

माझं बोलणं बाईंना ऐकू जात असतं तर त्यांना मीच सांगितलं असतं. तुम्हाला त्या भेटल्या, तर माझा एवढा निरोप द्या.