शिंपी आजोबांच्या आठ गोळ्या

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो, पण मला खाऊच्या डब्यांच्या रांगेत बसवू नका हं! मी औषधाच्या गोळ्यांचा, विजेवर चालणारा, चक्क बोलणारा डबा! कारखान्यात मला सात वारांचे सात चौकोनी खण दिले, पोटात एक घंटा आणि एक छोटा फोन बसवला. माझं झाकण उघडलं की कंपनीच्या ऑफिसात खबर जायची, मिटलं की पुन्हा जायची, आणि घरच्यांच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटायची. माझ्या खोक्यावर छापलं होतं, ‘उतारवयातला भरवशाचा सोबती’. मी कसला फुगलो होतो म्हणून सांगू!

मला शिंपी आजोबांच्या स्वयंपाकघरात, फळीवर स्क्रूने पक्कं बसवलं. आजोबा एकटेच राहायचे. त्यांची लेक दोन गल्ल्या सोडून बँकेत कामाला होती. रक्तदाबाच्या गोळ्या चुकल्या तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून तिने मला आणलं. औषधाच्या दुकानातला माणूस दर रविवारी येऊन माझे खण भरायचा. रोजच्या दोन गोळ्या.

सकाळी आठला मी घंटा वाजवायचो. आजोबा झाकण उघडायचे आणि कोपऱ्यात दडून बसलेल्या त्या इवल्याशा गोळ्यांशी झटापट सुरू व्हायची. बोटं थरथरायची, गोळी निसटायची. कधी चार मिनिटं, कधी सहा.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि खट्कन मिटलं.

अहो, गोळ्या! मी आतल्या आत ओरडलो. पण मला बोलायला तीनच वाक्यं दिली होती. त्यातलं तिसरं होतं, “शाब्बास, गोळ्या घेतल्याबद्दल आभार!” तेच बाहेर पडलं. मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.

लगेच लेकीचा फोन. “बाबा, हिरवी खूण आली! अगदी ठोक्याला!”

“अगं, उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला एक सदरा वेळेवर दिला नाही मी. गोळ्या तरी वेळेवर घेऊ दे!”

ती हसली. मला मात्र घाम फुटायचा बाकी होता. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. खण भरणारा माणूस येऊन बघेल तो रविवार तर अजून किती लांब! गुरुवारी झाकण मिटून आजोबा फळीला धरून उभेच राहिले. माझ्या पोटात चार दिवसांच्या आठच्या आठ गोळ्या तशाच पडून होत्या.

तेवढ्यात माझ्यातला फोन वाजला. ऑफिसातली ताई! जे झाकण उघडत नाहीत, फक्त त्यांनाच फोन करायचं तिचं काम. आजोबांचं झाकण तर रोज उघडत होतं. तरी तिने केला.

“आजोबा, तुम्हाला झाकण मिटायला चार-सहा मिनिटं लागायची. सोमवारपासून दोन सेकंद लागतायत. एवढे चपळ कसे झालात?”

“सराव गं, पोरी.” आजोबा हसले, पण त्यांचा हात खुर्ची शोधत होता आणि खुर्ची सापडत नव्हती.

“गोळ्या आतच आहेत ना?”

आजोबांनी पुन्हा फळी धरली. मग हळूच, “भिंत फिरतेय गं.”

“उभे राहू नका! खाली बसा. दाराला कडी आहे?”

“आतून लावलीय.”

“बसल्या बसल्या दाराकडे सरका. मी फोन ठेवत नाही. दुसऱ्या फोनवरून तुमच्या लेकीला आणि डॉक्टरांना बोलावते.”

फरशीवर कपडा घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला.

“आजोबा, बोलत राहा! माझा ब्लाउज शिवून द्याल?”

“आम्ही... बायकांचं शिवत नाही!” दाराजवळून तुटक, पण ठसक्यात उत्तर आलं. आणि कडी खट्कन पडली. इतका गोड आवाज मी कधीच ऐकला नव्हता!

डॉक्टर वेळेत पोचले. आजोबा तीन दिवसांनी दवाखान्यातून घरी आले तेव्हा लेकीने माझं झाकण उघडून विचारलं, “बाबा, का?”

आजोबांनी बोटं पुढे केली. “ह्या बोटांनी बारीकातल्या बारीक सुईत दोरा ओवलाय मी. आता डब्यातली गोळी निघत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?”

लेक जवळ सरकली. ती बोटं धरून बसून राहिली.

त्याच दिवशी ताई तिच्या साहेबांना घेऊन आली. साहेब म्हणाले, “आपण सूचना मोठ्या अक्षरांत छापू.”

“अक्षरं कसली छापताय?” आजोबा कडाडले. “कोपरे काढा! चौकोनी खिशात नाणं कोपऱ्यात जाऊन अडकतं, म्हणून आम्ही खिसा खाली गोल कापतो. खण वाटीसारखा करा, गोळी आपणहून बोटाखाली येते की नाही बघा!”

साहेबांनी गुपचूप वही काढली.

आता नव्या डब्यांचे खण वाटीसारखे आहेत, आणि ते खूप घरांत पोचलेत. मला फळीवरून काढलं, पण फेकलं नाही! मी कंपनीच्या टेबलावर असतो. नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाला आधी जाडजूड हातमोजे घालून माझ्यातली गोळी काढावी लागते. काय चिडतात म्हणता! आणि नवा नमुना तयार झाला की तो तपासायला शिंपी आजोबा येतात. तासभर उशिरा.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा डबा येईल. हिरवी खूण बघून पळू नका. जरा शेजारी बसा, झाकण उघडा आणि विचारा, “जमतंय ना?” मला ते विचारता आलं नाही. माझ्याकडे तीनच वाक्यं होती. तुमच्याकडे तर अख्खी भाषा आहे!