सुजाता कापगतेची एम.एस्सी.

नरेश कापगतेच्या बायकोनं चालती नोकरी सोडून एम.एस्सी. नर्सिंगला नाव घातलं, तेव्हा छत्तीसगढमधल्या भिलाईत, रिसालीतल्या त्यांच्या गल्लीत ज्याला त्याला तिच्या पगाराची काळजी लागली. सुजाता तेव्हा पस्तीस वर्षांची होती. एका खासगी दवाखान्यात तिची तेरा वर्षं गेली होती, आयसीयूची ती इन्चार्ज होती आणि महिन्याला अठ्ठावीस हजार हातात येत होते.

सगळ्यात जास्त काळजी लागली ती खुद्द नरेशला. तो स्टील प्लांटमध्ये टेक्निशियन. त्याचे वडील साकोलीकडून धानाची शेती भावाच्या हवाली करून भिलाईला आले, प्लांटमध्ये लागले, आणि साठाव्या वर्षी तिथूनच हार गळ्यात घालून बाहेर पडले. एकदा लागलेली नोकरी माणूस आपणहून सोडतो, हे त्या घरात कोणी पाहिलेलंच नव्हतं.

"शिकून मंग काय करशीन?" त्यानं विचारलं.

"शिकवीन. नर्सिंग कॉलेजात."

"पगार किती भेटंन?"

"पाहू," सुजाता म्हणाली आणि कुकरची शिटी काढायला उठली.

त्या 'पाहू'नं नरेश आठवडाभर धुसफुसत राहिला. शेवटी त्याच्या आईनं, तुळसाबाईनं, निकाल लावला. "परीक्षा देऊन सरकारी कॉलेजात नंबर लावला तिनं. फुकट नाई लागला. जाऊ दे तिले. पोरीले, साक्षीले, मी सांभाळीन."

दोन वर्षं सुजाता सकाळची गाडी धरून रायपूरला जात राहिली. नरेशची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. त्यात त्यानं पोळ्या लाटायला शिकून घेतलं. साक्षीच्या वेण्या घालणं मात्र त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. एक वेणी कानावर, एक मानेवर, अशीच ती पाचवीतली पोर शाळेत जायची आणि मैत्रिणींना सांगायची, "पापा ने बनाया है, कुछ मत बोलना."

सुजाता पहिल्या वर्गात पास झाली. महिनाभरात जुनवानीकडच्या एका नर्सिंग कॉलेजातून पत्र आलं. पद ट्यूटरचं. पगार बावीस हजार.

नरेशनं पत्र दोनदा वाचलं. "हे त पयल्यापेक्षा कमी हाये!"

"हाये," सुजाता म्हणाली. "मले माहीत होतं कमीच राहील म्हनून."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"सांगितलं असतं त तुमी जाऊ दिलं असतं?"

नरेशनं पत्राची घडी घालून खिशात टाकली. प्लांटच्या कँटीनमध्ये त्याचा जोडीदार राजकुमार साहू यानं विचारलं, तेव्हा त्यानं आकडा सांगितला. राजकुमार हसला नाही, पण समोसा हातात धरून म्हणाला, "भैया, दू साल पढ़ के छे हजार कम? ये तो उल्टा प्रमोशन हो गया." नरेशला ते चांगलंच झोंबलं.

चार महिने त्यानं कळ काढली. मग एक दिवस, दुपारची ड्यूटी होती तेव्हा, सकाळी अकराला स्कूटर काढली आणि सुजाताला न सांगता जुनवानीला गेला. प्रिन्सिपल मॅडमला काय सांगायचं ते त्यानं वाटेत पाठ केलं होतं: तेरा वर्षांचा अनुभव, आयसीयू, पहिला वर्ग, आणि एवढ्या माणसाला तुम्ही बावीस हजारांवर ठेवता?

मॅडम मीटिंगमध्ये होत्या. चपराशानं त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत दोन पलंग, एक रबराचा पुतळा आणि त्याभोवती पंधरा-वीस पोरी. मधोमध सुजाता उभी होती.

बेमेतऱ्याकडच्या खेड्यातली वाटावी अशी एक पोरगी हातात सलाईनची सुई घेऊन घुटमळत होती. पुतळ्याच्या हातात तिला ती नीट घालता येत होती. पण आता माणसाच्या हातात घालायची म्हटल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला होता. मागच्या दोघी फिसकन हसल्या. सुजातानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तशा त्या गप्प झाल्या. मग तिनं स्वतःची बाही कोपरापर्यंत सरकवली, दंडाला रबरी पट्टा बांधून घेतला आणि हात त्या पोरीसमोर टेबलावर ठेवला.

"झन डर नोनी. ले, मोर हाथ म लगा." घाबरू नको पोरी, माझ्याच हाताला लाव, असं ती छत्तीसगढीत म्हणाली.

पोरीनं सुई टोचली. चुकली. डोळ्यांत पाणी आणून ती मागे सरली.

"कुछु नइ होय. थोड़ा नीचे से. बोट ठिऊन पाय, शीर कुठी हाये ते बोटाले समजते," सुजाता म्हणाली. अर्धं छत्तीसगढी, अर्धं हिंदी, मधेच घरातली मराठीही तिच्या तोंडून निसटत होती, आणि पोरींना सगळं कळत होतं.

दुसरी वेळही चुकली. रक्ताचा थेंब आला, सुजातानं कापूस दाबला आणि दुसरा हात पुढे केला. चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नाही. नरेश बाकावरून अर्धा उठला होता. हातावर हे निळे डाग कशाचे, असं त्यानं गेल्याच आठवड्यात विचारलं होतं आणि ती 'लागलं कुठीतरी' म्हणाली होती.

तिसऱ्या वेळी सुई बरोबर शिरेत गेली. ती पोरगी आपल्याच हातांकडे पाहू लागली. मग रडायलाच लागली, आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. सुजातानं सुई काढून घेतली आणि म्हणाली, "चल, अब अपन हाथ से मोर पट्टी कर."

नरेशला वाटलं, आपण इतकी वर्षं हिच्यासोबत राहतो, आणि ही बाई आपल्याला आज दिसली. आयसीयूतही ती अशीच असेल. पण तिथं एका वेळी एक माणूस तिच्या हाताखालून बरा होऊन जात असेल. इथून दरवर्षी चाळीस पोरी बाहेर पडणार होत्या, आणि त्या प्रत्येकीच्या हातात हिचा हात असणार होता.

तेवढ्यात मॅडमनं आत बोलावलं. "कहिए, कैसे आना हुआ?"

पाठ केलेलं सगळं नरेशच्या डोक्यातून उडून गेलं. "मॅडम, वो सुजाता का डब्बा... घर में छूट गया था."

मॅडमनं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "कहाँ है?"

"वो तो... अभी भी घर में ही है," नरेश म्हणाला आणि नमस्कार करून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सुजातानं विचारलं, "तुमी काल कॉलेजात आल्ते? मॅडम डब्याचं इचारत होत्या."

त्यानं खरं ते सांगून टाकलं. ती भडकली. "तेरा वर्षं मी डॉक्टरांसंग भांडली, पेशंटच्या घरच्यांसंग भांडली. माह्या पगाराचं मले बोलता येत नाई? अन् तुमी नवरा म्हनून जाऊन मांगनार?"

"मांगितलं नाई ना पन," नरेश म्हणाला. "तुले पाह्यलं, अन् तोंडच उघडलं नाई."

तिचा राग उतरायला अर्धा कप चहा लागला. मग तिनं पहिल्यांदा सगळं मांडून सांगितलं. तीन वर्षं शिकवल्याचा दाखला हातात आल्याशिवाय वरची जागा मिळत नाही. तोवर पगार कमीच. वॉर्डात राहिली असती तर दर साल हजार-दोन हजार वाढले असते. पण रात्रपाळ्या करून कंबर गेली होती, आणि मुख्य म्हणजे नव्या सिस्टरांना शिकवताना जो आनंद होतो तो तिला बाकी कशात होत नव्हता. "मले भीती वाटत होती, नाई असं नाई," ती म्हणाली. "चुकलं असतं त तुमालेच तोंड दाखवाचं होतं."

"आता कोनापासून तोंड लपवाची गरज नाई," नरेश म्हणाला.

दुसऱ्या वर्षी सुजातानं स्वतः मॅडमसमोर बसून दोन हजार वाढवून घेतले. तीन वर्षं पुरी झाल्यावर रायपूरच्या वाटेवरच्या एका कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरची जागा निघाली. मुलाखत झाली, शेहेचाळीस हजार ठरले. तिच्याबरोबरच्या वॉर्डातल्या सिस्टरांचा पगार तेव्हा पस्तीस हजारांच्या आसपास होता. नरेश तर त्याच दिवशी मिठाई आणायला निघाला. पण सुजातानं नव्या कॉलेजाला कळवलं की हातातल्या पोरींची परीक्षा होईपर्यंत येता येणार नाही, अडीच महिने लागतील. जागा जाते की राहते या धास्तीनं नरेशचं जेवण तुटलं. या वेळी मात्र त्यानं स्कूटर काढली नाही. जागा राहिली.

ही बातमी प्लांटमध्ये पोचली आणि एका रविवारी राजकुमार आपल्या पोरीला घेऊन घरी आला. टीना नुकतीच बी.एस्सी. नर्सिंग झाली होती. "भौजी, एकर घलो एम.एस्सी. करवा देबो," राजकुमार पोरीकडे बोट दाखवून म्हणाला. "अब तो समझ आ गया, फायदा है."

सुजाता टीनाशीच बोलत बसली. वॉर्ड आवडतो का? आवडतो. ऑपरेशन थिएटर? फार आवडतं. शिकवायला आवडेल? टीना ओढणीशी खेळत म्हणाली, "नहीं दीदी. सामने खड़े होकर बोलने में हाथ-पाँव फूल जाते हैं."

"तो अभी मत कर," सुजाता म्हणाली. "सरकारी स्टाफ नर्स की परीक्षा दे. आज पगार चाहिए तो वो उधर है. एम.एस्सी. कहीं भागी नहीं जा रही. जिस दिन सिखाने का मन करे, उस दिन आना."

राजकुमार चकित होऊन नरेशकडे पाहू लागला. नरेशलाही वाटलं होतं की ती आपल्या डिग्रीची बाजू घेईल. पाहुणे गेल्यावर त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, "माह्या कामाले ते आलं म्हनून तिच्याबी कामाले येईनच का? तिचे दोन वर्षं हायेत ते, माहे नाईत."

टीनानं सुजाताची पुस्तकं नेली, आणि पुढच्या वर्षी सरकारी परीक्षा पास केली. जिल्हा रुग्णालयातल्या पहिल्या पगाराचे पेढे घेऊन ती रिसालीत आली तेव्हा तुळसाबाईनं तिची दृष्ट काढली. पेढा तोंडात असतानाच टीना हळूच म्हणाली, "दीदी, वार्ड में दो नई लड़कियाँ आई हैं. उनको ड्रेसिंग सिखाई मैंने. उतना डर नहीं लगा."

सुजातानं खुर्ची जवळ ओढली. "बता, कैसे सिखाया?" ती म्हणाली, आणि नरेश चहा टाकायला आत गेला.